आता ड्रम कोण बघणार

अहो, तुमच्या तेराव्याला गल्लीनं पाणी दिलं. हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. आपला हौद दहाव्याच्या आधीच तळाला गेला होता. येणारी-जाणारी माणसं, आंघोळी, चहा, भांड्यांचा ढीग, किती पुरणार? नळाला पाणी यायला अजून अवकाश होता. संजू टँकर सांगायला निघाला तर समोरच्या बाबूभाईंनी त्याला दारातच अडवलं. "टँकर कायकू? चाचा के घर का काम है, हम मर गए क्या?" आणि संध्याकाळपर्यंत आपल्या अंगणात ड्रम येऊन उभे राहिले. निळे, काळे, एक पिवळा. कुणाचा अर्धा, कुणाचा गळ्यापर्यंत भरलेला. या गल्लीत बाई बाईला लग्नात घालायला गळ्यातलं काढून देते, पण पाणी म्हटलं की दार लोटून घेते. ते पाणी तुमच्यासाठी आलं.

मी आत भिंतीला टेकून बसले होते. बायका ड्रम ढकलत आणत होत्या, आणि मला एकदम वाटलं, तुम्ही आता बॅटरी घेऊन बाहेर जाल आणि एकेका ड्रममध्ये डोकावून बघाल. तिथं मला रडू आलं. तुम्हाला नेलं तेव्हा नव्हतं आलं. त्या दिवशी सकाळी तुमच्या हातात चहाचा कप होता, अर्धा प्यालेला, आणि तुम्ही मान टाकलीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी कप काढून घेतला आणि विसळून ठेवला. माणूस असं वागतं तरी का, कोण जाणे.

आता महिना होत आला. संजू पुण्याला परत गेला. "आई, तू पण चल," म्हणत होता. मी म्हटलं, बघू. घरात मी एकटी, आणि रोज कुणीतरी येऊन तेच विचारतं. आता ड्रम कोण बघणार? विचारतात आणि माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

तुमचं हे ड्रम बघणं मला काही नवीन नव्हतं. मुलगा मलेरिया खात्यात आहे असं मध्यस्थानं सांगितलं तेव्हा आमच्या सोयगावात कुणालाच कळेना की हे खातं करतं काय. आमचे दादा पडले मुलीचे वडील, म्हणाले, सरकारी आहे ना, मग झालं. तुम्ही मला बघायला आलात. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले तर नवरा मुलगा जागेवर नाही. मोरीपाशी जाऊन आमच्या रांजणात वाकून बघत होता. आई मला मागून ओढून म्हणाली, "ह्याला तहान लागलीया का काय?" तेवढ्यात तुम्ही वर बघून दादांना म्हणालात, "मामा, ह्याच्यात डासाच्या अळ्या हायेत. रांजण घासून उन्हात पालथा घाला." दादांचं तोंड असं झालं की काय सांगू. मी आत जाऊन पदर तोंडाला लावून हसले. तुम्ही मला नीट बघितलं तरी होतंत का, हे मी लग्नानंतर किती वेळा विचारलं असेल. कधी धड उत्तर दिलं नाहीत.

नंतर मात्र हसू येईना. कुणाच्या बारशाला जावं तर तुम्ही बाळ बघायच्या आधी मोरी बघणार. माझ्या माहेरच्या लग्नात तुम्ही मांडवामागच्या टाकीवर चढला होतात, सफारी घालून. मला वन्संनी विचारलं, "दादा शोधतोय काय तिथं?" मी म्हटलं, त्यांच्या पाहुण्यांना शोधतायत. लाजेनं मेले होते मी. घरी येऊन भांडले. तुम्ही म्हणालात, "अगं, दोनशे माणूस ते पाणी वापरणार." झालं. तुमचं बोलणं तेवढ्यावर संपायचं, आणि माझं मात्र दोन दिवस चालायचं.

आणि गोदाकाकू आठवतात का? त्यांच्या हौदात गप्पी मासे सोडायला गेला होतात, खात्याकडून आणलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत. काकू दारात आडव्या. "आमी माळकरी. आमच्या पाण्यात मासे?" तुम्ही समजावलं, "काकू, मासे तुमाला खायाचे नायत. मासे अळ्या खातेत." काकू म्हणाल्या, "मंग ते बी मांसाहारीच की." तुम्ही पिशवी घेऊन तसेच परत आलात. खुर्चीवर बसलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मी विचारलं, मग काय सांगितलं त्यांना? म्हणालात, "काय सांगणार? खरंच हाय ते." मासे आपल्या हौदात सोडले. आपण कुठं माळकरी होतो.

खरं तर लोक तुमच्याशी कधी वाईट वागले नाहीत. नुसतं ऐकून घ्यायचे. डेंग्यूचा डास गटारात होत नाही, तुमच्या घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो, हे सांगण्यात तुमची हयात गेली. तरी प्रत्येक बाई झाकण काढून म्हणायचीच, "बघा की काका, कसं नितळ हाय." नितळ आहे म्हणूनच तर, असं तुम्ही म्हणायचात. तिला ते पटायचं नाही. मलाही पहिली काही वर्षं पटलं नव्हतं, आता सांगते. घाण असती तर माणसाला घाण वाटली असती. नितळ पाण्याची भीती कशी वाटावी?

आणि तुमचं खातं. ते म्हणायचं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तर आलं, नाहीतर दहाव्या दिवशी. बाबूभाई म्हणायचे, "चाचा, एक दिन क्या सुका रखना? हमारे तो सबीच दिन सुके हैं." गल्ली हसायची. तुम्ही पण हसायचात. घरी आल्यावर हसत नव्हतात.

मग तो दिवस. त्याच्याविषयी आपण नंतर कधी बोललो नाही. तुम्ही निवृत्त झाला होतात, पण मागच्या गल्लीत तापाची माणसं निघाली आणि तुम्हाला घरात बसवेना. मारुतीच्या पारावर सगळ्यांना गोळा केलंत. म्हणालात, पाणी यायच्या आदल्या दिवशी ड्रमात तसंही तळालाच असतं. तेवढं वापरून टाका, ड्रम पालथे घाला, आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, ती घासल्याशिवाय जात नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी येईल, स्वच्छ भरा. आणि सगळे चक्क हो म्हणाले. गोदाकाकू सुद्धा. तुम्ही गुलमंडीवर जाऊन काथ्याचे ब्रश घेऊन आलात, घरोघर वाटलेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीभर ड्रम उन्हात पालथे पडले होते. पोरं त्यावर थापा मारून वाजवत होती. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते फिरत होतात, कारण नसताना. मी ओट्यावरून बघत होते. मला तुमचा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी. बोलले नाही. म्हटलं काय, तर "जेवायला चला, भाकरी वाळली."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मोठी लाईन कुठं तरी फुटली होती. कुणी म्हणे दोन दिवस लागतील, कुणी म्हणे चार. आणि आख्ख्या गल्लीत एकाही घरात साठा नव्हता, कारण गल्लीनं तुमचं ऐकलं होतं. बायका दुसऱ्या वस्तीत घागरी घेऊन गेल्या आणि बोलणी खाऊन परत आल्या. आपल्या हौदातलं, माशांचं पाणी, तुम्ही बादलीबादलीनं वाटलंत, ते एका सकाळी संपलं. कुणी तुम्हाला शिवी दिली नाही. बाबूभाई एवढंच म्हणाले, "चाचा, तुम तो सही बोले थे. पानी नै सुना." तुम्ही पाण्याच्या ऑफिसात जाऊन दिवसभर बाकड्यावर बसून आलात. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलात. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणालात, "आता हे परत ऐकणार नायत. आणि का ऐकावं?"

पुढच्या पावसाळ्यात शोभाची मनू गेली.

रिक्षावाल्या राजूची बायको शोभा, गल्लीच्या टोकाला राहते ती. तुम्ही तिच्या घरी गेला होतात, पोळ्याच्या आसपास. तिच्या ड्रमात अळ्या होत्या. तुम्ही म्हणालात, ओत. तिनं हात जोडले. "काका, मागल्या बारीला ओतलं तवा लेकराचं तोंड धुवायला पाणी नव्हतं घरात. आता नाय ओतणार. तुमी काय बी म्हणा." तुम्ही पुढं एक शब्द बोलला नाहीत आणि निघून आलात. मग मनूला ताप भरला. आधी साधा वाटला. दवाखाना, मग मोठा दवाखाना, राजू रक्तासाठी रात्रभर हिंडला. दुसरीत होती पोर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपल्या ओट्यावर बसून माझ्याकडून शेंगदाणे घेऊन खायची.

तुम्ही त्यांच्या घरी जाऊन खाली सतरंजीवर बसलात. शोभा तुमच्याकडं बघत होती. तुम्ही काय बोलता याची वाट बघत होती, मला दिसत होतं ते. उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "मी सांगितलं होतं," असं तुम्ही तिला त्या दिवशी म्हणाला नाहीत, आणि नंतरही नाही. मला तर सोडाच, तुम्ही देवापुढंही म्हणाला नसाल.

पण मी तुमच्याशी भांडले. आठवतंय ना? मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही स्वतः तो ड्रम आडवा करायचा होता. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, पोर तर राहिली असती. तुम्ही म्हणालात, "कुणाच्या घरचं पाणी मी कसं ओतू? माझ्याजवळ द्यायला हाय का दुसरं?" मी म्हटलं, जीव मोठा का पाणी मोठं? तर म्हणालात, "ज्याच्या घरात पाणी हाय त्यानं हे विचारावं." मला तुमचा इतका राग आला. म्हटलं, असला कसला तुमचा न्याय, पोरगी गेली तरी तुम्ही हक्काच्याच गोष्टी करताय. हे भांडण आपलं मिटलं नाही. भाजी निवडता निवडता, टीव्ही बघता बघता मध्येच निघायचं. तुम्ही जायच्या थोडं आधी पण निघालं होतं. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे आता," आणि मी म्हटलं, "तुमचं नेहमीचंच, जाऊ दे." तेवढ्यावर ते थांबलंय. आता मी कुणाशी पुरं करू?

मनूनंतर तुम्ही सांगणंच बंद केलंत. ओता म्हणालात नाही, घासा म्हणालात नाही. माझी जुनी मलमलची ओढणी मागितलीत, तारेच्या कड्यावर ताणून शिवून घेतलीत, आणि दर शनिवारी ती गाळणी घेऊन गल्लीत निघायचात. ड्रमात बॅटरी मारायची, अळ्या खाली पळाल्या की पाणी संथ व्हायची वाट बघत उभं राहायचं, परत वर आल्या की अलगद गाळून घ्यायच्या आणि तापलेल्या फरशीवर झटकायच्या. थेंबभर पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. त्याला कुणी ना म्हणालं नाही. गोदाकाकू तर चहा ठेवायच्या. एकदा मी विचारलं, "अंडी कडेला चिकटलेली असतात म्हणत होतात, ती?" तुम्ही गाळणीचा सुटलेला टाका ओढून बसवलात. म्हणालात, "राहतेत की. पण पुढल्या शनिवारी मी हायच ना."

तुम्ही आहातच, या भरवशावर आख्खी गल्ली होती. मी पण.

दहाव्याला काय झालं ते संजूनं मला घरी येऊन सांगितलं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले, खाली उतरेनात. संजू म्हणाला, आईला सांभाळीन. नाही. वन्सं म्हणाल्या, घराचं काही बघू नकोस रे, सगळं नीट होईल. नाही. ऊन चढलं. मग गोदाकाकूंचा मुलगा विठ्ठल पुढं झाला, पाण्यात उभा राहून म्हणाला, "काका, गल्लीच्या वतीनं शब्द देतो. दर शनिवारी ड्रम रिकामे करून घासू." आणि म्हणे कावळा लगेच आला. सगळे रडले. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री पडल्या पडल्या मनात आलं, इतकी वर्षं लोकांचं नुसतं हो हो ऐकून तुम्ही अजून त्यांच्यावर विश्वास ठेवता?

आज तिसरा शनिवार. कुणी ड्रम घासला नाही. पहिल्या शनिवारी विठ्ठल आला होता, दारात उभा राहून चपलेनं माती उकरत होता. म्हणाला, "काकू, पाणी परवा येणार म्हणतेत, नक्की नाय. कसं ओतायला लावू लोकांला?" मी म्हटलं, नको लावू बाबा. दुसरं काय म्हणणार? तो खोटा नाही. त्या दिवशी घाटावर त्यानं मनापासूनच शब्द दिला असेल. घाटावर पाणी भरपूर असतं.

आणि मला तुमची ती गाळणी घेऊन जाता येत नाही. साखरेनं डोळ्यांची काय दशा केलीय ते तुम्हाला ठाऊकच आहे. औषधाच्या गोळ्या तुम्हीच रंगावरून वेगळ्या करून द्यायचात. मागल्या शनिवारी मी आपल्या हौदावर वाकून बॅटरी मारली. उजेड दिसला, पाणी दिसलं. त्यात काय हलतंय, हलतंय का माझाच हात थरथरतोय, काही कळेना. मासे केव्हाच गेले. तुम्ही असतात तर लांबूनच म्हणाला असतात, आहेत की नाहीत. माणूस जातं तेव्हा त्याची पोकळी जाणवते असं सगळे भेटायला आलेले म्हणत होते. मला पोकळीबिकळी काही नाही. मला तुमचे डोळे पाहिजेत. बाकी मी कशीतरी निभावून नेईन.

आज दुपारी शोभा आली. कडेवर छकुली, तिची धाकटी. मनू गेल्यावर चार वर्षांनी झालेली, तुम्हीच तिला पहिल्यांदा दवाखान्यातून घरी रिक्षातून आणताना मच्छरदाणी पांघरली होती, राजू हसला होता तुम्हाला. पोरीच्या पायावर डास चावल्याचे लाल लाल ठिपके होते. शोभा म्हणाली, "काकू, जरा चला ना. माझा ड्रम बघा. काकांबरोबर ऱ्हायलात एवढी वर्सं, तुमाला कळंल." मी म्हटलं, अगं, मला दिसत नाही. तर म्हणाली, "मला दिसतंय पन कळत नाय. तुमी निस्तं शेजारी उभ्या ऱ्हावा."

गेले. ती बॅटरी मारत होती आणि मी वाकले होते. ती म्हणाली, "काय तरी हाललं का? का कचरा हाय?" मी म्हटलं, कसं हललं, सांग. वाकडं-वाकडं का सरळ? ती म्हणाली, "आता नाय दिसत." आम्ही दोघी पाणी संथ व्हायची वाट बघत उभ्या राहिलो, तुमच्यासारख्या. छकुली ड्रमच्या कडेला धरून टाचा उंच करून आत बघायला धडपडत होती. शोभानं मला परत विचारलं, "काकू, हाय का नाय, येवढं सांगा." अहो, मला आहे म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. इतकी वर्षं तुमच्याशी मी ज्या गोष्टीवरून तावातावानं भांडले, ती माझ्यासमोर आली आणि माझं तोंड उघडेना. तुम्ही तिच्या दारातून एक शब्द न बोलता का परत आला होतात, ते मला आज कळलं. मी म्हटलं, "पोरी, मला माहीत नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग छकुलीला उचलून माझ्याकडं दिलं, ड्रमला खांदा लावला आणि तो आडवा केला. गळ्यापर्यंत भरलेला होता. सगळं पाणी उंबऱ्यावरून गल्लीत गेलं. शेजारपाजारचे दारात येऊन बघायला लागले. शोभा आत वाकून ड्रम घासत होती आणि हुंदके देत होती, ते आतून घुमून ऐकू येत होते. पाणी कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. सोमवार म्हणतात, गुरुवार म्हणतात.

छकुली माझ्या खांद्यावरून म्हणाली, "आजी, पानी." तिला प्यायला पाहिजे होतं. मी म्हणणार होते, चल माझ्या घरी, माझ्या हौदात आहे. ओठावर आलं होतं. अहो, पण माझ्या हौदात काय आहे ते मला कुठं दिसतंय?